स्वमूल्य : एक गणिती कल्पना आणि तबल्याची शाई



‘आयगेनव्हॅल्यू’ हा शब्द अर्धा जर्मन आणि अर्धा इंग्रजी आहे. ‘आयगेन’ म्हणजे जर्मन भाषेंत स्वतःचा, ज्याचा त्याचा. ‘व्हॅल्यू’ म्हणजे मूल्य हें सांगावयास नकोच. असा हा धेडगुजरी शब्द गणितांत कसा रुळला याची हकीकत थोडी मौजेची आहे. गटिंगेन येथील थोर गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनीं १९०४ मध्यें एका विशिष्ट जातीच्या समीकरणांवर निबंध लिहितांना ‘आयगेनवेर्ट’ हा शब्द वापरला. इंग्रजी लिहिणाऱ्यांनीं त्याचें भाषांतर करण्याचा प्रयत्न केला. कोणी ‘प्रॉपर व्हॅल्यू’ म्हटलें, कोणी ‘कॅरॅक्टरिस्टिक व्हॅल्यू’ म्हटलें; शेवटीं शब्दाच्या उत्तरार्धाचें तेवढें भाषांतर झालें आणि पूर्वार्ध जर्मनच राहिला. त्याच्याही आधीं, १८८३ मध्यें, सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानें याच कल्पनेस ‘लेटंट रूट’, म्हणजे सुप्त मूळ, असें नांव दिलें होतें. पाण्यांत जशी वाफ किंवा तंबाखूच्या पानांत जसा धूर, तशी ही संख्या वस्तूंत दडून असते, असें त्याचें स्पष्टीकरण होतें. उपमा तंबाखूची असली तरी ती मला सर्वांत समर्पक वाटते. आपण मराठींत ‘स्वमूल्य’ म्हणूं.

आतां स्वतःचें मूल्य म्हणजे कोणाचें, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर थोडक्यांत असें कीं, ज्या वस्तूवर आपण आघात करतों तिचें. आघात करणाराचें नव्हे. ताणलेली तार, कातड्याचा पडदा, नदीवरचा पूल, अगदीं हायड्रोजनचा अणुसुद्धां, यांपैकीं कोणालाही हालविलें तर तो कांहीं ठराविक संख्यांनींच उत्तर देतो. त्या संख्या त्याच्या जन्माबरोबर ठरलेल्या असतात. आपण जोरानें मारलें काय किंवा हळू मारलें काय, त्या बदलत नाहींत. त्या बदलावयाच्या असतील तर वस्तूच बदलावी लागते. हें विधान ऐकावयास सोपें आहे, पण त्याचा अर्थ नीट कळण्यासाठीं एक प्रयोग करून पाहिला पाहिजे. तो घरीं करण्यासारखा आहे.

दोन खुर्च्यांच्या पाठींना एक दोरी आडवी, जराशी सैल, बांधा. तिला वीतभर अंतरावर सारख्या लांबीचे दोन दोरे बांधून त्यांच्या टोकांना दोन अगदीं सारखीं कुलुपें टांगा. त्यांपैकीं एक कुलूप आपल्याकडे ओढून सोडा. दुसऱ्याला हात लावूं नका. पहिलें कुलूप झोके घेऊं लागेल. थोड्याच वेळांत त्याचा झोका आखूड होत जाईल, आणि ज्याला कोणी स्पर्शही केलेला नाहीं तें दुसरें कुलूप हालूं लागेल. पुढें पहिलें अगदीं स्थिर होईल आणि दुसरें भरांत येईल. मग पुन्हां उलट. पाहणाराला वाटतें कीं, हीं दोघें आपला झोका एकमेकांस उसना देत आहेत. या हालचालींत नियम आहे खरा, पण तो सहजासहजीं डोळ्यांत भरत नाहीं.

आतां दोन्ही कुलुपें एकाच बाजूस सारखीं ओढून एकदम सोडा. तीं जोडीनें जातील, जोडीनें येतील, उसनवारी बंद. मग एक आपल्याकडे आणि दुसरें पलीकडे असें ओढून सोडा. आतां तीं एकमेकांच्या उलट जातील, परंतु तींही शिस्तीनें, शेवटपर्यंत तशींच. या दोन सुरुवाती सोडल्या तर दुसऱ्या कोणत्याही सुरुवातीला ही शिस्त लाभत नाहीं. घड्याळ लावून मोजलें तर विरुद्ध दिशेचे झोके जोडीच्या झोक्यांहून किंचित् जलद आढळतील.

हेंच आंकड्यांत मांडूं. नभोवाणीवर फळा नसतो, म्हणून आंकडे मुद्दाम लहान घेतों. समजा, कोणत्याही कुलुपाला जागेवर परत ओढणारें बळ काढण्याची रीति अशी आहे : त्याच्या स्वतःच्या अंतराची पांचपट करावी आणि तींतून शेजाऱ्याचें अंतर वजा करावें. पहिलें कुलूप एक वीत ओढलें आणि दुसरें जागेवर असलें, तर पहिल्यावरचें बळ पांच आणि दुसऱ्यावरचें उणें एक. दिलें होतें ‘एक आणि शून्य’, मिळालें ‘पांच आणि उणें एक’. म्हणजे जें रूप आंत घातलें त्याहून निराळेंच रूप बाहेर आलें. शेजारी निष्कारण गोवला गेला. आतां दोन्ही कुलुपें एक एक वीत एकाच बाजूस ओढा. प्रत्येकाचें बळ पांच वजा एक, म्हणजे चार. ‘एक आणि एक’ दिलें, ‘चार आणि चार’ मिळालें : रूप तेंच, फक्त चौपट. विरुद्ध बाजूंस ओढलीं तर पहिल्याचें बळ पांच अधिक एक, म्हणजे सहा, आणि दुसऱ्याचें उणें सहा. येथेंही रूप तेंच, पण सहापट. इतर सर्व रूपांना ही रीति वळविते, मोडते, एकमेकांत मिसळते. या दोन रूपांना मात्र ती केवळ लांब करते. तो चार आणि तो सहा हीं या जोडगोळीचीं स्वमूल्यें. आणि जीं दोन रूपें मोडत नाहींत त्यांना काय म्हणावें ? इंग्रजींत त्यांच्यासाठींही तसाच अर्धजर्मन शब्द आहे. आपल्याकडे मात्र तयार शब्द आधींपासून पडून आहे : स्वरूप. स्वरूप म्हणजे अक्षरशः स्वतःचें रूप. रोजच्या वापरांत या शब्दाची धार बोथट झाली आहे. गणितांत ती पुन्हां लावतां येते.

पांच, उणें एक, उणें एक, पांच या चार संख्या दोन ओळींत मांडल्या म्हणजे जें कोष्टक होतें त्यालाच गणितज्ञ मॅट्रिक्स म्हणतात. हेंही नांव सिल्व्हेस्टरनेंच १८५० मध्यें दिलें. स्वमूल्य शोधण्याची रीत अशी : एखादी अज्ञात संख्या पांचांतून वजा करावी, आणि उरलेल्याचा वर्ग एक यावा अशी अट घालावी. उरेल तें एक किंवा उणें एक; म्हणून अज्ञात संख्या चार किंवा सहा. कुलुपें दोनांऐवजीं दहा असलीं तर समीकरण दहाव्या घाताचें होतें आणि पुलासारख्या वस्तूसाठीं तें हजारों घातांचें होतें. त्या वेळीं हें काम माणसाच्या हातांतून यंत्राकडे जातें, पण प्रश्न तोच राहतो.

बळाच्या या आंकड्यांवरून झोक्यांचा वेग काढावयाचा तर वर्गमूळ घ्यावें लागतें. चाराचें मूळ दोन, सहाचें सुमारें २.४५. म्हणून विरुद्ध झोके जलद. आणि पहिल्या प्रयोगांतील ती उसनवारी ? तिचेंही कोडें येथें सुटतें. ‘एक आणि शून्य’ ही सुरुवात म्हणजे ‘अर्धा आणि अर्धा’ व ‘अर्धा आणि उणा अर्धा’ यांची बेरीज आहे. आपण एक कुलूप ओढलें तेव्हां नकळत दोन्ही स्वरूपें सारख्या प्रमाणांत चालू केलीं. दुसऱ्या कुलुपांत सुरुवातीस दोहोंची वजाबाकी होऊन शून्य आलें होतें. परंतु एक स्वरूप जरा जलद, एक जरा सावकाश. कांहीं झोक्यांनंतर त्यांचा मेळ असा उलटतो कीं, बेरीज दुसऱ्या कुलुपांत होते आणि वजाबाकी पहिल्यांत. कुलुपांनीं एकमेकांस कांहीं उसनें दिलें नव्हतें. दोन स्वरूपें आपापल्या चालीनें शांतपणें चाललीं होतीं. गोंधळ दिसत होता तो आपण कुलुपांकडे पाहत होतों म्हणून. स्वमूल्याचा सगळा उपयोग मला या एका वाक्यांत दिसतो : कशाकडे पाहावें हें तें सांगतें.

येथून तारेकडे जाणें सोपें आहे. एका ताणलेल्या दोऱ्यांत मणी ओंवून, मग मण्यांची संख्या वाढवीत नेऊन, तारेचा विचार करण्याची युक्ति लाग्रांज यानें १७५९ मध्यें वापरली. मणी दोन असतील तर स्वरूपें दोन, शंभर असतील तर शंभर. आणि सलग तारेला त्यांची गणतीच नाहीं. पण त्यांच्या कंपनसंख्या विलक्षण व्यवस्थित निघतात : मूळची एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. स्वमूल्यें अर्थातच यांचे वर्ग, म्हणजे एक, चार, नऊ, सोळा या प्रमाणांत. तंबोऱ्याची तार छेडली म्हणजे हीं सर्व स्वरूपें कमीअधिक प्रमाणांत एकदम चालू होतात, आणि प्रमाण पूर्णांकांचें असल्यामुळें कान त्यांचा एकच भरदार स्वर करून घेतो. जुळलेल्या तंबोऱ्यांत, जो कोणी लावलेला नाहीं तो गांधार ऐकूं येतो असें गवई सांगतात. तो म्हणजे खर्जाच्या तारेचें पांचवें स्वरूप होय.

तारेवरून कातड्याच्या पडद्याकडे वळलें कीं हा सुरेख हिशेब पार विस्कटतो. गोल, सर्वत्र सारख्या जाडीचा पडदा घेतला तर त्याच्या कंपनसंख्या १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशा प्रमाणांत येतात. एकही पूर्णांक नाहीं. कानाला यांची मोट बांधतां येत नाहीं. म्हणून डफाला नाद आहे, ठेका आहे, अंगावर कांटा आणण्याचें सामर्थ्य आहे. पण त्याच्यावर षड्ज लावून कोणी गात नाहीं. हा डफाचा किंवा वाजविणाराचा दोष नव्हे. सारख्या जाडीच्या गोल पडद्याचीं स्वमूल्येंच तशीं आहेत, आणि जगांतील कोणत्याही वादकानें कितीही रियाझ केला तरी तीं बदलणार नाहींत.

तरीही आपल्या बैठकींत तबला गवयाच्या षड्जाला लावतात आणि तो स्वरांत बोलतो. हें कसें घडलें ? पडदा कातड्याचा, आकार गोल, सर्व कांहीं डफासारखेंच. फरक आहे तो पुडीच्या मधोमध असलेल्या काळ्या टिकलीचा, म्हणजे शाईचा. लोखंडाचा बारीक कीस, काजळी आणि भाताची किंवा पिठाची खळ यांचें मिश्रण कारागीर पातळ थरांनीं लावतो, प्रत्येक थर दगडानें घोटतो, आणि तो सुकतांना त्यांत सूक्ष्म भेगांचें जाळें पडूं देतो. त्यामुळें शाई जड असूनही ताठ राहत नाहीं, कातड्याबरोबर लवते. मध्यें जाड, कडेला पातळ असा तिचा उतार असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात तीही याच कुळांतली.

शाई काय करते हें आतां आपल्याला सांगतां येईल. पडद्याच्या पहिल्या, सर्वांत खालच्या स्वरूपांत सगळा पडदा एकदम वर येतो आणि खालीं जातो, आणि त्याची सर्वांत मोठी हालचाल मध्यबिंदूशीं असते. दुसऱ्या स्वरूपांत पडद्याचे दोन अर्ध होतात. एक वर तेव्हां दुसरा खालीं. मधल्या व्यासाची रेषा स्थिर. म्हणजे या स्वरूपाला मध्यबिंदूशीं हालचालच नाहीं. आतां मध्यभागीं ओझें ठेवलें तर तें कोणाला जड जाईल ? ज्याची हालचाल तेथें अधिक त्याला. पहिलें स्वरूप पुष्कळ मंदावतें. दुसरें त्या मानानें थोडेंच. खालचा आंकडा खालीं सरकल्यामुळें दोहोंतील १.५९ चें अंतर वाढतें, आणि ओझें, त्याचा घेर व उतार अचूक असले तर तें बरोबर दोनावर येऊन थांबतें. पुढच्या स्वरूपांचेंही असेंच : २.१४ आणि २.३० हीं शेजारशेजारचीं दोन्ही तिनावर येऊन मिळतात.

हें नुसतें अनुमान नाहीं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास असतांना १९२० मध्यें एका सहकाऱ्यासह याविषयीं ‘नेचर’ या नियतकालिकांत टिपण लिहिलें, आणि पुढें बंगलोरहून १९३४ मध्यें सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. मधल्या काळांत त्यांना प्रकाशावरील शोधासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. पण वाद्यांचा नाद सुटला नव्हता. त्यांची रीत साधी होती. पुडीवर बारीक वाळू भुरभुरावयाची, योग्य ठिकाणीं बोटें टेकून थाप मारावयाची, आणि वाळू कोठें गोळा होते तें पाहावयाचें. जेथें पडदा स्थिर तेथें वाळू जमते. क्लाड्नी या जर्मन संशोधकानें १७८७ च्या सुमारास धातूच्या पत्र्यांवर अशाच आकृति काढून दाखविल्या होत्या. रामन यांना आढळलें कीं, शाई लावलेल्या पडद्याचीं पहिलीं नऊ स्वरूपें पांचच स्वरांत एकवटतात. पहिला आणि दुसरा स्वर एकेका स्वरूपाचा. तिसऱ्यांत दोन, चौथ्यांत दोन आणि पांचव्यांत तीन. आणि हे पांच स्वर एक, दोन, तीन, चार, पांच या प्रमाणांत, अगदीं तारेसारखे. १९५४ मध्यें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील रामकृष्ण व सोंधी यांनीं मध्यें जड आणि भोंवतीं हलका असा जोड-पडदा कल्पून याचें गणित मांडलें, आणि कारागिराच्या हाताला जें ठाऊक होतें तें समीकरणांतून बाहेर आलें.

ज्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या घोटून घोटून हें साधलें त्यांना समीकरण ठाऊक नव्हतें म्हणून त्यांचें काम अडाणीपणाचें ठरत नाहीं, आणि त्यांनीं आधींच साधलें होतें म्हणून समीकरण निरुपयोगीही ठरत नाहीं. दोहोंचे प्रश्न निराळे होते. एकाला वाद्य हवें होतें, दुसऱ्याला कारण हवें होतें. या बाबतींत आपल्याकडे ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होतें’ असें म्हणण्याची जी हौस आहे ती मला पटत नाहीं. त्यांना स्वमूल्य ठाऊक नव्हतें, स्वर ठाऊक होता, आणि तेवढें पुष्कळ आहे.

वादकाचें कौशल्य मग कशांत राहिलें, असें कोणी विचारील. आघात स्वमूल्य बदलीत नाहीं, परंतु कोणत्या स्वरूपाला किती वांटा द्यावयाचा हें आघातच ठरवितो; कुलुपांच्या प्रयोगांत आपण तेंच केलें. ‘ना’ वाजवितांना तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेला हलकेंच टेकलेली असते. ज्या स्वरूपांना त्या जागीं हालचाल हवी असते तीं त्या बोटानें दबतात. ज्यांची स्थिर रेषा तेथून जाते तीं निर्वेध चालतात. पहिलें स्वरूप असें दाबलें जातें आणि दुसरें वर येतें. ‘तूं’ वाजवितांना अनामिका उचललेली असते, म्हणून तेथें पहिल्या स्वरूपाचा खालचा स्वर मोकळा होतो. एकाच पुडीतून निघणारे हे बोल म्हणजे त्याच स्वमूल्यांच्या निरनिराळ्या वांटण्या आहेत. आणि मैफलीपूर्वीं तबलजी हातोडीनें गजरा ठोकतो, गट्टे खालींवर करतो, तेव्हां ? त्या वेळीं वस्तूच बदलते, ताण वाढतो. पण ताण वाढला कीं सर्व स्वमूल्यें एकाच पटीनें वाढतात, त्यांचें आपसांतलें प्रमाण ढळत नाहीं. म्हणून काळी एकला लावलेला तबला काळी दोनला चढविला तरी सुरेलच राहतो. प्रमाण ठेवणें हें शाईचें काम, पट्टी ठरविणें हें वाद्यांचें, म्हणजे त्या कातडी पट्ट्यांचें.

संगीतांत स्वमूल्य चुकलें तर स्वर बिघडतो; पुलांत चुकलें तर त्याहून मोठी किंमत पडते. १८३१ मध्यें इंग्लंडांत मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची तुकडी पावलें मिळवून चालली असतां पूल हेलकावूं लागला, एक खिळा तुटला आणि पूल ढासळला. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. पुलावर पावलें मोडून चालावें हा लष्करी रिवाज त्यानंतर पडला. पुलाच्या स्वतःच्या कंपनसंख्येशीं पावलांचा मेळ बसला कीं प्रत्येक पाऊल आधींच्या झोक्यांत भर घालतें. मुलाला झोपाळ्यावर झोके देणाऱ्या प्रत्येक आईला हें ठाऊक आहे. पण लष्कराला हुकूम देतां येतो, नागरिकांना येत नाहीं. लंडनमध्यें थेम्सवर बांधलेला मिलेनियम पादचारी पूल १० जून २००० रोजीं उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. लोकांची गर्दी होतांच तो आडवा डुलूं लागला. माणूस चालतांना सेकंदास सुमारें दोन पावलें टाकतो, म्हणजे डावीउजवीकडे त्याचा भार सेकंदास एकदां झुकतो. आणि पुलाच्या आडव्या हालचालीच्या कांहीं कंपनसंख्या याच आसपासच्या होत्या. पूल डुलूं लागला कीं लोक तोल सांवरण्यासाठीं नकळत त्याच्याच तालावर चालूं लागले. लोकांची चाल बदलणें अशक्य. म्हणून पूल बदलला. झोके गिळणारीं यंत्रें बसवून तो २००२ मध्यें पुन्हां खुला झाला.

अमेरिकेंतील टॅकोमा नॅरोज पुलाचें उदाहरण या संदर्भांत नेहमीं दिलें जातें, आणि पुष्कळदां चुकीच्या रीतीनें. ७ नोव्हेंबर १९४० रोजीं तो तासाला सुमारें ६५ किलोमीटरच्या वाऱ्यांत पिळवटून कोसळला. वारा ठेका धरून आला नव्हता. त्याला पुलाच्या कंपनसंख्येशीं मेळ घालण्याचें कारण नव्हतें. पूल पिळला कीं त्याच्यावरचा वाऱ्याचा दाब बदले, आणि तो बदललेला दाब पुलाला आणखी पिळी. स्वमूल्याच्या भाषेंत सांगावयाचें तर वारा आणि पूल मिळून एक नवी वस्तु झाली होती आणि तिचीं स्वमूल्यें निराळीं होतीं. स्वमूल्याला झोक्याच्या वेगाबरोबर आणखी एक अंग असतें : झोका काळाबरोबर विरत जाईल कीं वाढत जाईल तेंही त्यांतच लिहिलेलें असतें. एकट्या पुलाचें उत्तर ‘विरेल’ असें होतें, वाऱ्यासह पुलाचें ‘वाढेल’ असें. आतां मोठा पूल बांधण्यापूर्वीं त्याचा नमुना वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून पाहतात तो हेंच उत्तर आधीं मिळावें म्हणून.

अणूची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती स्वतंत्र भाषणाची आहे. हिल्बर्ट यांनीं एखाद्या क्रियेच्या सर्व स्वमूल्यांच्या समुदायाला ‘स्पेक्ट्रम’, म्हणजे वर्णपट, असें नांव दिलें होतें. प्रकाशाच्या वर्णपटाशीं त्या वेळीं त्याचा कांहीं संबंध नव्हता; नांव आपलें नांव. १९२६ मध्यें एर्विन श्रोडिंगर यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांच्या मथळ्यांतच अणूंतील शक्तीच्या पायऱ्या हा स्वमूल्यांचा प्रश्न आहे असें म्हटलेलें होतें. हायड्रोजनच्या अणूचीं स्वमूल्यें काढलीं तर तीं उणें १३.६, उणें ३.४, उणें १.५१ अशीं, इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापांत, येतात. आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येतांना जो फरक पडतो तोच हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा प्रकाश. म्हणजे गणितांतील वर्णपट आणि आकाशांतील ताऱ्यांचा वर्णपट एकच निघाले. तार जशी वाटेल त्या स्वरांत वाजत नाहीं, तसा अणु वाटेल त्या रंगांत प्रकाशत नाहीं.

शेवटीं एक प्रश्न, जो गणितज्ञांनीं गंमत म्हणून विचारला आणि ज्यानें त्यांना सव्वीस वर्षें गुंतवून ठेवलें. वस्तु ठाऊक असली तर स्वमूल्यें काढतां येतात. उलट, स्वमूल्यें सर्वच्या सर्व ठाऊक असलीं तर वस्तु ओळखतां येईल काय ? मार्क कॅक या पोलिश-अमेरिकन गणितज्ञानें १९६६ मध्यें हा प्रश्न असा घातला : डोळे मिटून, नुसतें ऐकून, नगाऱ्याच्या तोंडाचा आकार सांगतां येईल काय ? येथें पडदा सर्वत्र सारखा, शाई नसलेला, आणि कान परिपूर्ण, असें समजावयाचें. कांहीं गोष्टी नक्की ऐकूं येतात. पडद्याचें क्षेत्रफळ स्वमूल्यांवरून निघतें. त्याच्या कडेची एकूण लांबीही निघते. पण पुरा आकार ? १९९२ मध्यें गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट या तिघांनीं उत्तर दिलें : नाहीं. सात सारखे त्रिकोण दोन निरनिराळ्या रीतींनीं जोडून त्यांनीं असे दोन कोनेदार आकार तयार केले कीं, त्यांचें प्रत्येक स्वमूल्य तंतोतंत सारखें आहे, आणि तरीही एक आकार दुसऱ्यावर कसाही ठेवला तरी बसत नाहीं. त्या आकारांचे दोन नगारे शेजारीं ठेवून वाजविले तर त्यांच्या कंपनसंख्यांवरून कोणता कोणता हें कोणताही कान सांगूं शकणार नाहीं. एका आकारापुरता मात्र कान फसत नाहीं. दिलेल्या क्षेत्रफळाला सर्वांत आखूड कड वर्तुळाचीच असते. आणि क्षेत्रफळ व कड हीं दोन्ही तर ऐकूं येतातच. तेव्हां गोल डफ कोणी पडद्याआड वाजविला तर तो गोल आहे हें नुसत्या स्वमूल्यांवरून सिद्ध करतां येतें.